अजाणफळ

आपल्या श्रावकाचारात जे बावीस अभक्ष्य सांगितले आहेत, त्यांत एक नाव इतरांहून वेगळं आहे. कंदमुळं का नकोत ते कळतं, मध का नको ते कळतं, वड-पिंपळ-उंबराची फळं का नकोत तेही कळतं. पण त्याच यादीत 'अजाणफळ' असतं. ज्याचं नाव आणि गुण आपल्याला ठाऊक नाहीत ते फळ खाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. ते विषारी असेल, त्यात जीव असतील, खाऊन काय होईल ते सांगता येत नाही. बस्तीतल्या पाठशाळेत हा नियम आपण सगळ्यांनीच पाठ केलेला असतो आणि बाजारात मिळतं तेवढंच खात असल्यामुळं त्याचा विचार करायची वेळ कधी येत नाही.

पण या शब्दाकडं जरा नीट बघितलं तर त्यात एक गंमत आहे. 'अजाण' हा काही फळाचा गुण नव्हे, तो खाणाऱ्याचा आहे. फळ बिचारं आपल्या जागी असतं. एका मुलखात ज्याला कुणी हात लावत नाही, तेच दुसऱ्या मुलखात पोराबाळांच्या तोंडात असतं. मग अमुक फळ अजाण आहे असं म्हणताना, ते नेमकं कुणाला अजाण आहे, हेही विचारायला हवं. आज ज्या फळाची हकिगत सांगणार आहे तिच्यात हा प्रश्न पदोपदी येतो.

मॅकाडेमिया हे नाव अलीकडं आपल्याकडंही कानावर येऊ लागलं आहे. परदेशातून येणाऱ्या सुक्या मेव्याच्या डब्यात बदाम-पिस्त्याच्या जोडीला पांढुरक्या पिवळट रंगाच्या गोल गोट्या असतात, काबुली चण्याहून चांगल्या मोठ्या. दाताखाली घेतली तर काजूसारखी मऊ आणि ओल्या खोबऱ्यासारखी स्निग्ध. या गरात सत्तर टक्क्यांहून जास्त तेलच असतं. मेव्यातला हा महागातला प्रकार. आपल्याला तो डब्यातूनच माहीत, झाड बघितलेलं नाही.

माझ्या भाचीनं मात्र झाड बघितलं. ती ब्रिस्बेनला असते. तिथं त्यांनी एक जुनं घर घेतलं, त्याच्या मागच्या परड्यात हे झाड उभं होतं. दोन पावसाळे झाल्यावर तिचा निरोप आला, "मावशी, हे झाड काढून टाकावं म्हणतोय आम्ही. फळं दगडासारखी. गवत कापायच्या यंत्रात अडकतात, पायाखाली येऊन पाय मुरगळतो, उंदीर येतात. शिवाय जागा मोकळी झाली तर गाडीला शेड घालता येईल. तुला काय वाटतं? आणि आपल्याला हे चालतं का गं खायला?" दोन्ही प्रश्नांना एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण झाड कुठलं, कुणाचं, तिथं कसं आलं, हे माहीत नसताना 'काढ' किंवा 'ठेव' म्हणणं मला बरं वाटेना. म्हणून वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता कळलं की या झाडाचा इतिहास बराचसा अशा परड्यांतूनच गेलेला आहे.

हे झाड ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचं. दक्षिण क्वीन्सलँड आणि त्याला लागून असलेला न्यू साउथ वेल्सचा उत्तरेकडचा भाग, एवढीच त्याची मूळ भूमी. पाऊस भरपूर, माती खोल, हिवाळा सौम्य, अशा ठिकाणच्या दाट वर्षावनात ते वाढायचं. त्या वनात हजारो वर्षं राहणारे लोक होते, बुंजलंग, गब्बी गब्बी, बुचुला आणि इतर. त्यांच्या भाषांत या फळाला वेगवेगळी नावं होती, कुठं गिंडल, कुठं जिंडिली, आणि खडबडीत कवचाच्या जातीला बूंबेरा. एकाच झाडाच्या दोन जातींना दोन नावं ठेवणारे लोक ते झाड किती जवळून ओळखत असतील! झाडाखाली पडलेली फळं ते वेचून आणत. खळगा पाडलेल्या दगडावर फळ बसवायचं आणि वरून दुसऱ्या दगडानं फोडायचं, ही त्यांची रीत. गर कच्चा खात किंवा भाजून खात. त्याचं तेल काढून रंगाच्या मातीत मिसळत आणि ती अंगाला लावत. दुसऱ्या टोळ्यांशी देवाणघेवाणीत ही फळं असत.

म्हणजे नाव होतं, गुण माहीत होते, फोडायचं साधन होतं, वापर होता. आपल्या शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर या लोकांना ते अजाणफळ मुळीच नव्हतं.

अजाण होते ते बाहेरून आलेले. युरोपीय वनस्पतिशोधकांपैकी ॲलन कनिंगहॅम याला १८२८ साली ही झाडं दिसली असावीत, असं मानतात. १८४३ साली लुडविग लाइकहार्ट या जर्मन प्रवाशानं त्याची फांदी गोळा केली. पण ती वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांत राहिली, आणि लाइकहार्ट स्वतः पुढं १८४८ मध्ये खंडाच्या आतल्या भागात जो गेला तो परतलाच नाही. मग मेलबर्नचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड फॉन म्यूलर आणि ब्रिस्बेनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख वॉल्टर हिल यांनी ते झाड अभ्यासलं, आणि १८५७ साली म्यूलरनं त्याचं शास्त्रीय नाव जाहीर केलं, मॅकाडेमिया.

हे मॅकाडम कोण? डॉ. जॉन मॅकाडम हे स्कॉटलंडहून आलेले रसायनशास्त्राचे अध्यापक, व्हिक्टोरियातल्या विद्वानांच्या एका संस्थेचे चिटणीस आणि म्यूलरचे स्नेही. १८५८ साली मेलबर्नमध्ये दोन शाळांत झालेल्या फुटबॉलच्या एका जुन्या, गाजलेल्या सामन्यात ते पंच होते, हीही त्यांची एक ओळख. त्यांनी हे झाड शोधलं नाही की लावलं नाही. १८६५ साली न्यूझीलंडला जाताना बोटीवरच त्यांचा अंत झाला, तेव्हा वय होतं अवघं अडतीस. माणूस कर्तबगार होता यात शंका नाही. पण झाडाखाली वाकून पिढ्यान् पिढ्या ज्यांनी फळं वेचली त्यांची नावं मागं पडली आणि मित्राचं नाव लागलं, ते जगभर चिकटलं. आपल्याकडं घर कुणी सारवलं, राखलं आणि पाटी कुणाच्या नावाची लागली, हे बायकांना वेगळं समजावून सांगायला नको.

नाव मिळालं तरी फळ खायचं की नाही हे साहेबांना माहीत नव्हतंच. त्याबद्दल ब्रिस्बेनमध्ये एक गोष्ट सांगतात. हिल यांना बिया रुजवायच्या होत्या. कवच इतकं टणक की कोंब बाहेर येणार कसा, म्हणून त्यांनी हाताखालच्या एका पोराला पकडीत धरून ते फोडायला सांगितलं. थोड्या वेळानं बघतात तर पोरगा गर खातोय आणि वर म्हणतोय, फार छान लागतं! हिल घाबरले, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणं ते विषारी होतं. काही दिवस पोराला काही होत नाही असं बघितल्यावर त्यांनी स्वतः चव घेतली आणि मग त्या फळाचे ते मोठे पुरस्कर्ते झाले. १८५८ साली त्यांनी ब्रिस्बेनच्या उद्यानात लावलेलं झाड आजही उभं आहे. लागवड केलेलं सर्वांत जुनं मॅकाडेमिया म्हणून ते दाखवतात.

हिल यांची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. या कुळात आज चार जाती ओळखल्या जातात. त्यांतल्या दोन गोड, म्हणजे खाण्याजोग्या. बाकीच्या दोन कडू, त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. आणि म्यूलरनं १८५७ मध्ये ज्या जातीचं वर्णन केलं ती होती कडू! गोड आणि कडू यांतला फरक पुस्तकांना बराच काळ कळला नाही. गुळगुळीत कवचाच्या गोड जातीला वेगळं शास्त्रीय नाव मिळालं १८९७ साली. खडबडीत कवचाच्या जातीला तर १९५४ साली. बूंबेरा म्हणणाऱ्यांना तो फरक केव्हापासून ठाऊक होता. आपला अजाणफळाचा नियम शहाणपणाचा आहे हे या कडू जातीवरून पटतं. पण जाणणारे शेजारीच राहत असताना त्यांना न विचारणं, हा त्या नियमाचा अर्थ खचित नव्हे.

त्या जाणणाऱ्यांचं काय झालं? ज्या १८९७ साली गोड मॅकाडेमियाला शास्त्रात जागा मिळाली, त्याच साली क्वीन्सलँडमध्ये मूळ रहिवाशांच्या 'संरक्षणा'चा कायदा झाला. त्या कायद्यानं सरकारला त्यांना त्यांच्या भूमीवरून उचलून राखीव वसाहतींत नेऊन ठेवण्याचा अधिकार दिला. त्याच्या आधीच्या पन्नास-साठ वर्षांत बंदुकीनं आणि रोगराईनं त्यांची संख्या फार घटली होती. फळाला नाव मिळालं आणि फळ वेचणाऱ्यांची जागा गेली, हे एकाच काळात घडलं.

आणि वनही गेलं. इथं मला आपल्या षट्लेश्यांच्या वृक्षाची आठवण येते. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या 'गोम्मटसारा'त लेश्या समजावताना हा दृष्टांत आहे आणि कित्येक बस्त्यांत त्याचं चित्रही लावलेलं असतं. सहा वाटसरू भुकेले होऊन फळांनी लदलेल्या झाडापाशी येतात. एकाच्या मनात येतं, झाड मुळासकट उपटू. दुसऱ्याच्या मनात, बुंध्यापासून तोडू. तिसऱ्याला मोठ्या फांद्या तोडाव्याशा वाटतात, चौथ्याला लहान डहाळ्या. पाचवा म्हणतो फळंच तोडू, आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली आहेत तीच पुरेत. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंत मनाच्या सहा पायऱ्या. भूक सगळ्यांची सारखीच, एवढं मात्र दृष्टांतात विसरता येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या त्या किनाऱ्यावर हा दृष्टांत जणू खरोखर घडला. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला 'बिग स्क्रब' नावाचं सखल प्रदेशातलं वर्षावन होतं, सुमारे ७५,००० हेक्टरांचं. १८४० च्या दशकात तिथं लाकूडतोडे शिरले ते लाल सीडरसाठी. हा वृक्ष म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या तुणाचाच भाऊबंद. मग १८६१ च्या जमीन कायद्यानं साध्या माणसांना जमिनी मिळू लागल्या. अट अशी की तिथं राहायचं आणि जमिनीत सुधारणा करायची. सुधारणा म्हणजे बहुतेक ठिकाणी झाडं पाडायची, जाळायची, गवत पेरायचं आणि दुधा-लोण्यासाठी गाई पाळायच्या. चाळीस-पन्नास वर्षांत वन साफ झालं. आज त्यातलं १ टक्काही उरलेलं नाही. आलेले लोक गरीब होते, दूरदेशी येऊन मुलांची पोटं भरत होते, त्यांना दुष्ट म्हणणं सोपं आहे आणि चूकही आहे. मॅकाडेमिया नष्ट करावा असं त्यांच्या मनात नव्हतंच. तो त्यांना वेगळा दिसतच नव्हता. झाडोऱ्यातलं एक झाड, एवढंच. ओळख नसली की कुऱ्हाड थांबत नाही.

पण काही हात थांबले. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला लोगन नदीकाठच्या मूळ रहिवाशांचा एक म्होरक्या होता, गोरे लोक त्याला 'किंग जॅकी' म्हणत. १८६० च्या दशकात तो आणि त्याचे लोक ही फळं गोळा करून नव्या वस्तीवाल्यांना विकत. या फळाचा पहिला व्यापारी म्हणून आता त्याचं नाव घेतात. त्या व्यापारातून फळ गोऱ्या लोकांच्या स्वयंपाकघरात गेलं. १८६६ मध्ये टॉम पेट्री यानं मूळ रहिवाशांकडून मिळालेल्या बिया ब्रिस्बेनच्या उत्तरेला आपल्या जागेत लावल्या. तो लहानपणापासून त्या लोकांत वाढलेला, त्यांची भाषा बोलणारा. १८८० च्या दशकात लिस्मोरजवळ रूस मिल इथं चार्ल्स स्टाफ यानं पहिली व्यापारी बाग लावली.

याखेरीज ज्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत अशा कितीतरी घरांत एक-दोन झाडं लागली. वन पाडताना एखादं सावलीला ठेवलं, किंवा ओढ्याकाठून रोप आणून परड्यात लावलं. क्वीन्सलँडच्या जुन्या घरांमागं हे झाड असणं ही साधी गोष्ट होती. त्याला लोक 'क्वीन्सलँड नट' म्हणत, किंवा बॉपल डोंगराच्या नावावरून 'बॉपल नट'. पोरं सुट्टीत दगड-हातोडी घेऊन बसत आणि बोटं चेचून घेत. त्या फळाचा कुणी फार मोठा धंदा केला नाही. रान गेलं तरी घरामागचं झाड राहिलं.

धंदा झाला तो दुसऱ्याच बेटावर. १८८१-८२ च्या सुमारास विल्यम पर्व्हिस नावाच्या गृहस्थानं ऑस्ट्रेलियातून बिया नेऊन हवाई बेटावर कुकुइहाएले इथं लावल्या. उसाच्या मळ्याला वाऱ्यापासून आडोसा हवा, असा त्यात एक हेतू सांगतात. १८९२ मध्ये जॉर्डन बंधूंनी आणलेल्या बियांची झाडं होनोलुलूत घराच्या आवारात लागली. म्हणजे हवाईतही सुरुवात परड्यातलीच. पुढं १९२० च्या दशकात अर्नेस्ट व्हॅन टॅसेल यांनी होनोलुलूच्या टेकडीवर 'नटरिज' नावाची बाग उभी केली, कंपनी काढली, कारखाना घातला.

पण एक अडचण होती, आणि ती परड्यात काहीही लावलेल्या प्रत्येकीच्या ओळखीची आहे. बी लावली की झाड आईसारखंच निघेल याचा भरवसा नसतो. एकाच झाडाच्या दहा बियांची दहा झाडं दहा तऱ्हेची, कुणाचं कवच जाड, कुणाचा गर लहान, कुणाला फळच कमी. यावर उपाय कलमाचा. पण मॅकाडेमियाचं कलम जगत नसे. हवाईच्या शेती संशोधन केंद्रातल्या जोन्स आणि बोमाँट यांच्या कामातून १९३७ च्या सुमारास मार्ग सापडला. जी फांदी कलमाला घ्यायची तिची साल काही आठवडे आधी गोलाकार काढून ठेवायची. त्यामुळं पानांनी तयार केलेलं अन्न खाली न जाता फांदीतच साठतं, आणि त्या शिदोरीवर कलम जगतं. मग हजारो बियाण्याच्या झाडांतून निवडक झाडं घेतली गेली. १९४८ मध्ये त्यांना केआउहो, काकेआ अशी हवाईतली नावं मिळाली. त्यांची कलमं जगभर गेली, आणि गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातही. आपलंच फळ परदेशी नाव घेऊन घरी परत आलं. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियानं उत्पादनात हवाईला मागं टाकलं. नंतर दक्षिण आफ्रिका पुढं गेली. केनिया आणि चीनमध्येही आता मोठ्या बागा आहेत.

या यशात एक धोका लपलेला आहे. वनस्पतींच्या पेशीत हरितद्रव्याचे कण असतात. या झाडात त्यांचा वारसा आईकडून येतो, म्हणजे ज्या झाडाला फळ धरलं त्याच्याकडून. त्यावरून झाडाचं आजोळ शोधता येतं. ऑस्ट्रेलियातल्या कॅथरीन नॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये असा शोध घेतला, तेव्हा हवाईच्या बहुतेक प्रमुख जातींचं आजोळ क्वीन्सलँडमधल्या गिंपी गावाजवळच्या मुलू नावाच्या छोट्याशा भागात निघालं. जगभरातल्या लाखो झाडांच्या आया-आज्या मूठभर. कलमं तर एकमेकांची हुबेहूब नक्कलच. उद्या एखादा रोग आला, पाऊसमान बदललं, तर सगळ्यांना एकाच वेळी झळ लागणार. तेव्हा रोगाला दाद न देणारा, उष्णता सोसणारा, बुटका राहणारा असा एखादा नवा गुण शोधायचा तर तो कुठं शोधायचा? रानात, जे जवळजवळ उरलेलं नाही. चौथी जात तर रे जान्सेन या हौशी निसर्गप्रेमी शेतकऱ्याला १९८० च्या दशकात सापडली, १९९१ मध्ये तिचं नाव ठेवलं गेलं, आणि तिची मोठी झाडं रानात शंभराच्या आसपासच आहेत.

आणि दुसरी जागा म्हणजे जुनी परडी. ज्या रानातून कुणी शंभर वर्षांपूर्वी बी आणून लावलं ते रान आता नाही, पण त्याचं एखादं लेकरू कुणाच्या तरी घरामागं उभं असू शकतं. म्हणूनच तिथले संशोधक आता लोकांच्या परड्यांतल्या जुन्या झाडांचीही पानं तपासतात. अंगणातलं बिनकामाचं वाटणारं झाड एखाद्या हरवलेल्या कुळाचा शेवटचा वंशज असायची शक्यता असते.

हे सगळं मी भाचीला सविस्तर लिहिलं. झाड तुझं, जागा तुझी, तेव्हा निर्णयही तुमचा. पण तोडायच्या आधी झाड कलमी आहे की बियाण्याचं, घरापेक्षा जुनं आहे का, हे तरी विचार, म्हटलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना माहीत असेल. (त्यांना माहीत होतं. घर बांधायच्या आधीपासूनचं झाड ते. शेड आता घराच्या दुसऱ्या अंगाला झाली आहे.) मग तिला झाडाचं जमा केलेलं व्यवहारज्ञानही कळवलं, ते इथंही देते, कारण कुणाची लेक-सून त्या मुलखात असेल तर उपयोगी पडेल.

बी रुजवायची तर ताजी हवी. वाळूत बोटाच्या पेराएवढी खोल लावावी, ओल ठेवावी आणि धीर धरावा, कोंब यायला महिना-दोन महिने सहज लागतात. बियाण्याच्या झाडाला फळ धरायला सात ते दहा वर्षं, कलमाला चार-पाच. झाड बारा-पंधरा मीटर वाढतं, म्हणून भिंतीला चिकटून लावू नये. मुळं उथळ असतात, वादळात झाड आडवं होतं, तेव्हा वाऱ्याला आडोसा हवा. लहान रोपाला कडाक्याचं दव मारतं. याची बारीक मुळं पुंजक्यांनी वाढतात आणि निकस मातीतूनही स्फुरद ओढून घेतात. त्यामुळं स्फुरदाचं खत जास्त झालं तर झाड आजारीच पडतं. पाचोळ्याचं आच्छादन त्याला मानवतं. घोसात शेकडो फुलं येतात, फळं धरतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वेगळ्या जातीचं झाड जवळ असलं आणि मधमाश्या असल्या तर जास्त धरतात.

फळ तोडायचं नसतं. ते पिकलं की आपोआप पडतं, आणि आधी तोडलं तर गरात तेल पुरतं भरलेलं नसतं. षट्लेश्यांतल्या सहाव्या वाटसरूला अगदी मनाजोगतं झाड! (बोमाँट नावाची एक जात मात्र परड्यांतून बरीच लावतात, तिची फळं पिकली तरी फांदीला धरून बसतात. तिथं पाचव्याला बोलवावं लागतं.) पडलेली फळं आठवड्याला वेचावीत, हिरवी साल लगेच काढावी, नाहीतर बुरशी धरते. मग सावलीत पातळ पसरून दोन-तीन आठवडे वाळवावीत. हलवून बघितलं की आत गर खुळखुळतो, तेव्हा तो कवचापासून सुटला असं समजावं. बारीक भोक पडलेलं फळ बाजूला काढावं, त्यात अळी असते. धान्य शोधायची सवय असलेल्या आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. कडू लागला तो गर खाऊ नये. आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्या तोंडी हे लागू देऊ नये, त्याच्या मागच्या पायांतलं बळ जातं.

खायला चालतं का, या प्रश्नाला मी लिहिलं की कंद नाही, बहुबीज नाही, आपोआप गळलेलं, वाळवलेलं, शोधलेलं आहे. बाकी आपापल्या घरचा नेम. पण आता त्याला अजाणफळ मात्र म्हणता येणार नाही. त्याचं गाव, कूळ, चार भावंडं आणि खरी नावं आपल्याला माहीत झाली आहेत.

आपल्याकडं कुणी हे झाड लावावं असा माझा आग्रह नाही. आपल्या परड्यांतच बघायला पुष्कळ आहे. मॅकाडेमियाची जी गोष्ट, तीच आपल्या आंब्याची. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात आंब्याची कलमं बांधली जाऊ लागली, हापूस घरोघर पोचला, आणि रायवळ आंबे मागं पडले. रायवळ म्हणजे बियाण्याचे, प्रत्येक झाडाची चव निराळी. बेळगावच्या जुन्या घरांत अशा झाडांना नावं होती, शेपू, खोबऱ्या, साखऱ्या. लोणच्याला कुठलं, रसाला कुठलं, हे घरातल्या बायकांना तोंडपाठ असायचं. वाटण्या झाल्या, घरं पाडून इमारती उठल्या, आणि झाडं गेली तशी ती माहितीही गेली. लिहून ठेवलेली नव्हती ना!

तेव्हा एवढंच करावं. परड्यात, शेताच्या बांधावर, माहेरी, आजोळी जे जुनं झाड असेल त्याची एका वहीत नोंद करावी. कुणी लावलं, बी कुठून आणलं, फळ कधी येतं, चव कशी, घरात त्याला काय म्हणतात. सासूबाईंना, आजेसासूबाईंना, शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना आजच विचारावं. आणि त्यातली एक बी कुंडीत का होईना, पण रुजत घालावी.